लाल लाइटवाला लॅपटॉप आणि एमएस्सी फिजिक्स

मागच्या जूनमध्ये दाजींचा व्हॉट्सॅपवर एक फोटो आला. काळाकुट्ट लॅपटॉप, कीबोर्डमधून लाल लाइट, मागं पंख्याला ही मोठी जाळी, आणि कोपऱ्यात आरटीएक्सचा (गेमिंगच्या ग्राफिक्स कार्डाचा) स्टिकर. पाच मिनिटांनी फोन. "काय पाव्हणं, बघितला का? पोरीला फिजिक्सला चालंल ना? दुकानदार म्हणतोय ह्याच्या वरचं काय नाय." भाचीला पुण्यात एमएस्सी फिजिक्सला अ‍ॅडमिशन मिळाली होती, आणि कराडच्या घरात आनंदाच्या भरात ८५ हजार मोजायची तयारी झाली होती. मी म्हणलं दाजी, दोन दिवस थांबा, पैसे कुठं पळून जात नाहीत, आधी ती त्याच्यावर काय करणार आहे ते तरी बघू.

असा फोन मला दर जून-जुलैला येतोच. कधी नात्यातून, कधी सोसायटीतून, कधी बहिणीच्या मैत्रिणीच्या जावेकडून. मी फिजिक्समध्ये पीएचडी केली, आता कॉलेजात शिकवतो, म्हणजे कॉम्प्युटरमधलं मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे. (प्रिंटर चालत नसला तरी मलाच बोलावतात.) दरवेळी तेच तेच फोनवर बोलून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वर्षी नुसती लिंक पाठवीन.

खरं सांगायचं तर एमएस्सीच्या पहिल्या सेमिस्टरला लॅपटॉप लागतो कशाला? क्लासिकल मेकॅनिक्स, मॅथेमॅटिकल मेथड्स, क्वांटम, इलेक्ट्रॉनिक्स. हे सगळं वहीवर होतं. लॅग्रांजियन लिहा, डेरिव्हेटिव्ह घ्या, चुका, खोडा, परत लिहा. त्याला २०० पानी वही आणि बरं पेन लागतं. लॅपटॉपवर त्या काळात पीडीएफ उघडतात, लेक्चरचे व्हिडिओ बघतात आणि पिक्चर बघतात, आणि हे तिन्ही दहा वर्षं जुन्या मशीनवरही होतं. आमच्या वेळी तर कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी (सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर) होतं, ती निळी स्क्रीन, त्यात रुंगे-कुट्टाचा (समीकरणं आकड्यांनी सोडवायची पद्धत) प्रोग्रॅम बाहेरच्या वहीतून बघून उतरवायचा, आउटपुटचे आकडे जर्नलमध्ये हाताने लिहायचे आणि ग्राफ ग्राफपेपरवर काढायचा. त्यातून न्यूमरिकल्स काय कळणार, पण सबमिशन व्हायचं. माझा स्वतःचा पहिला लॅपटॉप एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आला आणि त्याच्यावर पहिले सहा महिने मी फक्त वॉलपेपर बदलले.

गणितवाल्यांचं तर अजूनच साधं. शुद्ध गणित करणाऱ्याला, म्हणजे अल्जेब्रा टोपॉलॉजी वगैरे, लेटेकमध्ये (गणित नीट छापायचं सॉफ्टवेअर) टाइप करता आलं आणि पीडीएफ नीट वाचता आली की झालं. त्याने पैसे घालायचे असतील तर स्क्रीनमध्ये घालावेत, डोळे तरी वाचतील. हां, आता लीन नावाचा प्रकार आलाय, गणितातलं प्रूफ (सिद्धता) कॉम्प्युटरकडून तपासून घ्यायचा. २०२३ मध्ये टेरेन्स टाओ या गणितज्ञाने आणि बाकीच्यांनी त्यांचं एक ताजं प्रूफ तीनेक आठवड्यांत त्यात बसवलं तेव्हापासून पोरं विचारायला लागलीत. लीनची गणिताची लायब्ररी (आधीच तपासलेल्या गणिताचा साठा) बरीच जड आहे, ८ जीबी रॅमवर कुथत कुथत चालते. तेवढं सोडलं तर गणिताला मशीन कुठलंही चालतं.

फिजिक्सला मात्र पुढे पुढे रॅम लागते, आणि किती लागते हे दुकानदाराला विचारायची गरज नाही, कागदावर काढता येतं. मी भाचीला फोनवर हेच करायला लावलं. म्हणलं वही घे. एका ओळीत स्पिन (छोटी चुंबकं समज) मांडलेत, प्रत्येक स्पिन वर नाहीतर खाली. एन स्पिन असले तर अवस्था किती? ती म्हणाली टू रेज्ड टू एन. बरोबर. मग हॅमिल्टोनियनची मॅट्रिक्स (एनर्जी काढायचा आकड्यांचा तक्ता) किती बाय किती? तेवढी बाय तेवढी. एका आकड्याला ८ बाइट. आता १२ स्पिन घे. ४०९६ बाय ४०९६, गुणिले ८, म्हणजे १२८ एमबी. काहीच नाही. १४ घे. १६३८४ चा वर्ग गुणिले ८, झाले २ जीबी. १५ ला ८ जीबी. १६ ला ३२ जीबी. तिकडे थोडा वेळ शांतता, मग, "मामा, म्हणजे ८५ हजारवाला घेतला तरी आपण दोनच स्पिन पुढं जाणार?"

अगदी तेच. शिवाय मॅट्रिक्स २ जीबीची असली तरी आयगनव्हेक्टर (म्हणजे तिची उत्तरं) काढताना लायब्ररीला (तयार कोडला) तेवढ्याच आकाराच्या दोन-तीन प्रती कच्च्या कामाला लागतात, म्हणजे १४ स्पिनलाच ८ जीबीचं मशीन गुदमरतं. आणि वेळ वेगळाच, मॅट्रिक्सची बाजू दुप्पट झाली की वेळ साधारण आठपट. १२ स्पिनला मिनिटभर लागलं तर १३ ला आठ मिनिटं आणि १४ ला तास होऊन जातो. इथं महागडा लॅपटॉप काय करणार? पण त्या मॅट्रिक्समध्ये बहुतेक सगळी घरं शून्याची आहेत हे एकदा ध्यानात आलं, आणि फक्त बिनशून्याची घरं साठवली, तर १६ स्पिनची तीच मॅट्रिक्स वीसेक एमबीच्या आत मावते आणि लँझॉसच्या पद्धतीने सगळ्यात खालची एनर्जी जुन्या लॅपटॉपवर काही सेकंदांत येते. ३२ जीबीचं काम २० एमबीत. हे पैसे देऊन मिळत नाही, हे शिकावं लागतं, आणि शिकायला जुनं मशीन बरं कारण ते लगेच गुदमरतं आणि तुम्हाला विचार करायला लावतं. तरी १६ जीबी घ्याच. ८ मध्ये ब्राउजर उघडला, त्यात पंचवीस टॅब, एका बाजूला ज्युपिटर नोटबुक, एका बाजूला मीटिंग चालू, की संपलं. ३२ ची गरज मला आजतागायत लॅपटॉपवर पडलेली नाही.

मग तो आरटीएक्स. ग्राफिक्स कार्डवर फिजिक्सचं काम होतं, भरपूर होतं, नाही असं नाही. पण गेमिंगच्या लॅपटॉपमधलं कार्ड सिंगल प्रिसिजनला फास्ट असतं, म्हणजे सात-एक अंकांपर्यंत बरोबर. फिजिक्समध्ये आपल्याला बहुतेक वेळा डबल प्रिसिजन लागते, पंधरा-सोळा अंक, आणि एनव्हिडियाच्या अलीकडच्या गेमिंग कार्डांमध्ये डबल प्रिसिजनचा वेग सिंगलच्या १/६४ ठेवलेला असतो. चौसष्टावा भाग! गेममध्ये गोळी कुठं लागली हे सात अंकांत कळलं तरी पुरतं, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही, ती वस्तूच त्या कामाची आहे. मशीन लर्निंग करायचं असेल तर सिंगल चालतं, त्याहून कमीही चालतं, पण ते शिकायला सुरुवातीला गुगल कोलॅब (ब्राउजरमधून गुगलचं मशीन वापरायचं) फुकट आहे, आणि पुढे मोठं काम लागलं तर ते लॅपटॉपवर होतही नाही. उरलं काय? अडीच किलो वजन, विटेएवढा चार्जर, तीन तासांत मान टाकणारी बॅटरी, आणि लायब्ररीत पंखा सुरू झाला की सगळे वळून बघतात. पीएमटीच्या बसमध्ये (पीएमपीएमएल म्हणायचं आता, पण कोण म्हणतं) ते दप्तर घेऊन उभं राहून बघा एकदा.

आता ऑपरेटिंग सिस्टीम, ज्याच्यावरून मित्रामित्रांत भांडणं होतात.

माझं मत सरळ आहे, लिनक्स शिकून घ्या. फुकट आहे म्हणून नाही, भारी दिसतं म्हणूनही नाही. ज्या मशीनवर शेवटी खरं काम होणार आहे त्याच्यावर लिनक्सच असतं म्हणून. जगातल्या पहिल्या ५०० सुपरकॉम्प्युटरांची यादी निघते, त्यात नोव्हेंबर २०१७ पासून ५०० च्या ५०० लिनक्सवाले आहेत. आपल्या पुण्यातच आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा सुपरकॉम्प्युटर आहे, २०१९ पासून, तोही लिनक्सवर. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, तिथला डेटा साफ करायला रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमीवाले कासा नावाचं सॉफ्टवेअर वापरतात, ते लिनक्सवर चालतं आणि मॅकवर चालतं, विंडोजवर येतच नाही. म्हणजे उद्या भाचीला एनसीआरएमध्ये (जीएमआरटी चालवणारी संस्था) समर प्रोजेक्ट मिळाला (मिळो बाई) तर पहिल्या दिवशी तिच्यासमोर काळी खिडकी येणार आणि तिच्यात चमकणारा कर्सर. तिथं घाबरून बसण्यापेक्षा दोन वर्षं आधीपासून ओळख झालेली बरी.

सुरुवातीला लोकांच्या डोक्यात बसत नाही ते हे की लॅपटॉप ही खरं म्हणजे खिडकी आहे. एसएसएच करायचं (लांबच्या मशीनला जोडून घ्यायचं), क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मोठ्या मशीनांवर) शिरायचं, जॉब लावायचा, लॅपटॉप बंद करून जेवायला जायचं. माझ्या पीएचडीतला एक महिना असा गेला की लॅपटॉपवर मी फक्त टर्मिनल आणि पीडीएफ उघडत होतो. आणि त्याच महिन्यात मी एक माती खाल्ली. जॉब नीट रांगेत लावायच्या ऐवजी म्हणलं थोडंसंच आहे, लॉगिन केल्या केल्या तिथंच चालवू, रात्रभरात होईल. टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) माहीत होतं, कंटाळा केला. सकाळी साडेपाचला हॉस्टेलचं वायफाय दोन मिनिटं गेलं, कनेक्शन तुटलं, त्याबरोबर प्रोग्रॅमही मेला, अकरा तासांचं काम पाण्यात. आणि मी मधले आकडे फाइलमध्ये लिहूनही ठेवत नव्हतो. त्या दिवशी गाइडला काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून टीमक्सशिवाय टर्मिनलमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि शिकवताना पहिल्याच तासाला ते शिकवतो.

कुठलं लिनक्स? उबुंटूचं एलटीएस (बरीच वर्षं अपडेट मिळणारं), नाहीतर मिंट. दोन्ही आवडतील, दोन्हीची मदत शोधली की सापडते. इथं थांबा. पुढचा मोह म्हणजे दर महिन्याला नवीन डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) टाकून बघणे, आणि त्यात मी पीएचडीचं पहिलं वर्ष अर्धं घालवलंय. आर्च टाकलं, विंडो मॅनेजर सजवला, पारदर्शक टर्मिनल, कोपऱ्यात पुण्याचं तापमान, सगळं. पेपर एक वाचला नाही. त्या काळातले माझ्या डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट अजून आहेत, फार सुंदर आहेत.

विंडोजला शिव्या घालणाऱ्यांतला मी नाही. प्रयोगवाल्यांना विंडोज लागतं. एखाद्या एक्सपेरिमेंटल लॅबमध्ये जाऊन बघा, स्पेक्ट्रोमीटरला नाहीतर एक्सआरडीला (एक्स-रे डिफ्रॅक्शनचं मशीन) जोडलेला पीसी विंडोजचाच असणार, आणि कितीतरी ठिकाणी तो अजून एक्सपी असतो, वर कागद चिकटवलेला, 'इंटरनेट जोडू नये, पेन ड्राइव्ह लावू नये, अपडेट करू नये'. मशीन कोट्यवधीचं, त्याचं सॉफ्टवेअर त्या जमान्यातलं, कोण हात लावणार? ग्राफसाठी ओरिजिन वापरतात तेही विंडोजचंच. लॅबमधल्या सीनियरने ओरिजिनच्या फाइली दिल्या आणि तुमच्याकडे नुसतं लिनक्स असलं तर तुम्ही दर दोन दिवसांनी कोणाचा तरी लॅपटॉप मागत फिरणार. अशांसाठी डब्ल्यूएसएल हा फार चांगला मार्ग आहे. विंडोजच्या आतच लिनक्स, टर्मिनल उघडून एक छोटी कमांड दिली की उबुंटू येतं, पार्टिशनला हात लावावा लागत नाही. पायथन, सी, फोरट्रान, एसएसएच सगळं चालतं. फक्त एक करा, तुमच्या कामाच्या फाइली लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरमध्ये ठेवा, विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून तिकडून वाचायला लावलं की कासवगतीने चालतं, आणि लोक म्हणतात डब्ल्यूएसएल स्लो आहे.

ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) करणार असाल तर आधी बॅकअप, मग बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) की कुठे आहे ते बघा, मग बाकीचं. मी एका मित्राच्या लॅपटॉपवर घाईघाईत पार्टिशन आवळलं, रीस्टार्ट केलं, तर निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. मला वाटलं होतं एन्क्रिप्शन बंदच असेल, विचारायचं सुचलंच नाही. मित्राला आठवेना अकाउंट कुठलं. शेवटी लॅपटॉप सेट करताना त्याच्या धाकट्या भावाचा ईमेल टाकलेला निघाला, भाऊ तेव्हा ट्रेनमध्ये, नेटवर्क नाही. ते तीन तास मी त्याच्या आईच्या हातचे पोहे खात बसलो आणि घशाखाली उतरेनात.

मॅक. पैसे असतील तर घ्या, वाईट काहीच नाही. आतून युनिक्सच, टर्मिनल आहे, होमब्रूने (सॉफ्टवेअर टाकायचं साधन) सगळं मिळतं, एअरला पंखा नाही त्यामुळे आवाज नाही, बॅटरी दिवसभर. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सगळ्यात स्वस्त एअरलाही १६ जीबी रॅम येते, आधी ८ यायची तेव्हा मी नको म्हणायचो. पण रॅम नंतर वाढवता येत नाही, एनव्हिडियाचं कुडा (ग्राफिक्स कार्डवर हिशोब करायचं सॉफ्टवेअर) चालत नाही, आणि काही बिघडलं तर तालुक्याच्या गावी कोण उघडणार? कराडला पोरगी सुट्टीत घरी आली आणि लॅपटॉपवर चहा सांडला तर काय, हा प्रश्न कुठल्याही जाहिरातीत नसतो पण तोच खरा आहे. ताईच्या घरात चहा सांडतोच.

लेटेकबद्दल थोडं जास्त बोलतो कारण माझा जीव त्यात आहे. डोनाल्ड क्नुथ या कॉम्प्युटर शास्त्रज्ञाला १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रूफं आली, गणिताची छपाई बघून त्याचं डोकं फिरलं, आणि त्याने छपाईची सिस्टीमच लिहायला घेतली. वर्षभरात होईल म्हणाला होता, दहा वर्षं लागली. ती म्हणजे टेक, आणि त्याच्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्टने लेटेक बांधलं. टेकच्या व्हर्जनचा नंबर दर दुरुस्तीला पायच्या (π) एक अंक जवळ जातो, आता ३.१४१५९२६५३ आहे, आणि आपण गेल्यावर तो पाय करा आणि मग जे काही बग उरतील त्यांना फीचर म्हणा असं त्याने सांगून ठेवलंय. असल्या माणसाचं सॉफ्टवेअर आहे हे, आणि ते कुठल्याही मशीनवर चालतं. दहा वर्षांपूर्वीची माझी फाइल आज टाकली तर तशीच पीडीएफ येते.

अडचण एकच, पूर्ण टेक लाइव्ह (लेटेकचं सगळं सामान) उतरवायला पाच-सहा जीबी जातात, म्हणजे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलात तर दोन-तीन दिवसांचा डेटा. म्हणून आधी छोटं टाका, लागेल तसं वाढवा, किंवा ओव्हरलीफवर ब्राउजरमध्येच करा. पण थिसिस ओव्हरलीफच्या फुकट अकाउंटवर लिहायला जाऊ नका, शेवटच्या आठवड्यात तो कम्पाइल करायला वेळ संपला म्हणतो, आणि तुमचाही संपलेला असतो. मराठीत गणित लिहायचं तर झीलेटेक वापरा, युनिकोड फॉन्ट द्या आणि सरळ देवनागरीत टाइप करा. आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट फुकट आहे आणि जोडाक्षरं फार देखणी येतात. मी एकदा शाळेतल्या पोरांसाठी अपूर्णांकांवर आठ पानं अशी केली होती, 'त्र्यंश' शब्द पडद्यावर नीट उमटला तेव्हा मी उठून बायकोला दाखवायला घेऊन आलो. ती बघून म्हणाली बरं, दूध आणायचंय.

बाकी सॉफ्टवेअर. मॅथेमॅटिका आणि मॅटलॅब दोन्ही उत्तम, दोन्ही पैशाची. कॉलेजकडे लायसन्स असेल तर बिनधास्त वापरा. नसेल तर कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरची क्रॅक केलेली कॉपी टाकू नका, त्यातून येणारे व्हायरस सबमिशनच्या आदल्या रात्रीच जागे होतात. मॅटलॅबच्या जागी ऑक्टेव्ह, नाहीतर सायलॅब. मॅथेमॅटिकाच्या जागी मॅक्झिमा, सेज किंवा पायथनमधलं सिमपाय, इंटिग्रल काढायला पुरतात. गंमत म्हणजे रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर येतो, त्याच्यावर मॅथेमॅटिका २०१३ पासून फुकट मिळतं, हळू चालतं पण चालतं. आणि इंग्रजीतून कमांड शिकायची धास्ती असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा, दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिनक्स, लेटेक, सायलॅब, बऱ्याच विषयांचे मराठीतही आहेत. मी स्वतः शेल स्क्रिप्टचा एक मराठीतून ऐकला होता, 'परवानग्या बदला' ऐकताना हसू येतं पण समजतं चटकन.

तर दाजींचं काय झालं? जुलैच्या पहिल्या रविवारी ते, ताई आणि भाची पुण्याला आले. मी म्हणलं नवीन नको, कंपन्या तीन-चार वर्षं वापरून लॉटमध्ये काढून टाकतात ते बिझनेस लॅपटॉप बघू. दाजींचं तोंड उतरलं. "सेकंडहँड? पोरीला?" ताईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, मग गप्प बसले. एका ओळखीच्या रिफर्बिश्डवाल्याकडे गेलो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून अशा दुकानांत जुनी मशीनं ढिगाने आलीत, कारण इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची बहुतेक विंडोज ११ घेत नाहीत. लिनक्स टाकणाऱ्याला ती पण चालतात, पण थोडे पैसे घालून आठवी पिढी घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात.

थिंकपॅड टी४८० निवडला. दोन रॅमचे स्लॉट, दोन बॅटऱ्या त्यातली एक बाहेरून निघते, स्क्रू सोडले की मागचं झाकण निघतं. याच मॉडेलमध्ये काहींना १३६६ बाय ७६८ ची फिकट स्क्रीन असते, ती घेऊ नका, फुल एचडीच मागा, दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच दिसतो. मी खिशातून मिंटचा पेन ड्राइव्ह काढला आणि म्हणलं याच्यावरून बूट करून बघतो. दुकानातला पोरगा आधी बावचळला, मग स्वतःच खुर्ची ओढून बसला. काही इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच सगळं तपासता येतं. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, झाकण मिटून परत उघडलं की जागा होतोय का, कॅमेरा, ब्लूटूथ. भाचीला कीबोर्डवर बसवलं, एकेक की दाबायला लावली, खास करून ब्रॅकेट, बॅकस्लॅश आणि उभी रेघ. लेटेकवाल्याची बॅकस्लॅश मेली तर माणूस मेल्यासारखाच. पहिल्या नगावर उजवा महिरपी कंस अडकत होता, तो परत ठेवला, दुसरा काढायला लावला. मग बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता बघितली, आतली ८१ टक्के, बाहेरची ६०. बाहेरच्यासाठी घासाघीस केली, त्याने बदलून दिली. ८ जीबीची दुसरी पट्टी वर टाकायला लावली, १६ झाले. सगळं मिळून तीस हजारांच्या आत.

उरलेल्या पैशातून एक पांढरा बोर्ड आणि मार्कर, एक बाहेरची हार्ड डिस्क बॅकअपला, आणि चांगलं दप्तर. बाकीचे ताईने पर्समध्ये ठेवले, ते परत दाजींकडे गेले का नाही मला माहीत नाही.

संध्याकाळी घरी भाचीने स्वतः मिंट टाकलं, मी फक्त शेजारी बसून चहा घेतला. पायथन, नमपाय, सायपाय, टीमक्स, टेकचं छोटं पॅकेज. मग फोनवर काढलेलं ते गणित तिने प्रोग्रॅममध्ये लिहिलं. ८ स्पिन, लगेच. १० स्पिन, लगेच. १२ ला पंखा थोडा गुणगुणला आणि पाऊण मिनिटात उत्तर आलं. तिने माझ्याकडे न बघता १४ टाकले. दहा मिनिटं गेली, माउस अडखळायला लागला, रॅमचा आकडा वर सरकत १५ च्या पुढे गेला. मी काही बोललो नाही. तिनेच कंट्रोल सी दाबून प्रोग्रॅम थांबवला आणि वही ओढून शून्याची घरं मोजायला बसली.

दाजी एवढा वेळ सोफ्यावर बसून लांबूनच बघत होते. जेवायच्या आधी जवळ आले, लॅपटॉपच्या कडेला बोट फिरवलं, म्हणाले, "चालतोय तर. पण ह्याच्या कीबोर्डला लाइट न्हाय व्हय?"

भाचीने फंक्शन आणि स्पेस एकदम दाबलं.

"पांढरी हाय," दाजी म्हणाले. "लाल नाय व्हत का?"